सहा बाय तीनचा एचडीपीई गादीवाफा: ठाणे-नवी मुंबईच्या गच्चीवर घ्यावा का?

हिरव्या एचडीपीई (जाड, टिकाऊ प्लास्टिक) कापडाचा ६ फूट लांब, ३ फूट रुंद, १ फूट उंच वाफा. काठातून ओवायच्या पीव्हीसी नळ्या, कोपऱ्याचे जोड, ठिबकचा छोटा संच आणि लागवडीची पुस्तिका. गच्चीवर भाजीपाला करायचा म्हटलं की नर्सरीवाले आणि ऑनलाइन दुकानं हाच संच पुढे करतात. शिक्के वेगवेगळे असले तरी माल जवळपास एकसारखा असतो, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नसून या प्रकारच्या वाफ्याचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. कापडाला पूर्ण गुण, सांगाड्याला अर्धे. ठिबक गच्चीवरच्या टाकीला जोडायचं असेल तर ते संचात नसलेलंच बरं. आणि पुस्तिकेतलं 'सोबतीच्या पिकांचं' पान फाडून टाकावं. का ते पुढे येईलच.

सुरुवात वजनापासून केली पाहिजे, कारण दुकानदार ही गोष्ट कधीच काढत नाही. ६×३×१ म्हणजे १८ घनफूट, साधारण ५१० लिटर. निव्वळ लाल मातीनं काठोकाठ भरलेला असा वाफा जुलैच्या पावसात चिंब झाला की ८०० किलोच्या घरात जातो. त्याचा पाया १.६७ चौरस मीटरचा. म्हणजे दर चौरस मीटरला पावणेपाचशे किलोच्या पुढे भार. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. वाशी, नेरुळ, कोपरखैरण्याच्या जुन्या इमारतींच्या आणि ठाण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या गच्च्या आधीच गळतात; त्यांवर अशा चार वाफ्यांची रांग मांडणं म्हणजे स्लॅबशी खेळ आहे. रो-हाउसच्या अंगणात जमिनीवर ठेवणार असाल तर हा सगळा हिशेब सोडून द्या आणि वाफा खुशाल काठापर्यंत भरा.

गच्चीसाठी तीन गोष्टी पाळायच्या. भरणी ९ इंचांपेक्षा जास्त नको. मिश्रण हलकं हवं. आणि दोन वाफ्यांच्या मध्ये किमान ३ फूट मोकळी वाट हवी. खाली दिलेलं मिश्रण ९ इंच भरलं तर ओला वाफा साडेतीनशे ते पावणेचारशे किलोंत राहतो. शेजारची तेवढीच रुंद वाट हिशेबात धरली की सरासरी भार चौरस मीटरला ११० किलोंच्या आसपास येतो. वाफ्याची लांब बाजू तुळईला (बीमला) समांतर आणि शक्यतो तुळईच्या वरच घ्यावी. स्लॅबच्या मधोमध किंवा बाहेर काढलेल्या सज्जावर वाफा ठेवू नये. सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला हे दोन्ही वाफा मागवण्याआधी घ्या. भरल्यानंतर तो हलत नाही.

आता माल. कापड विणलेल्या एचडीपीईचं, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेलं, अतिनील किरण सोसणारं असतं. इथल्या उन्हात आणि पावसात ते खरंच टिकतं. आधी दगा देते ती शिवण. म्हणून पार्सल उघडल्यावर पहिल्यांदा तळाची आणि उभ्या कोपऱ्यांची शिवण बोटानं ताणून बघा. दुहेरी टाक्याची, कड आत दुमडून घातलेली शिवण हवी. एकेरी शिवण असेल आणि टाक्यांच्या भोकांतून उजेड दिसत असेल तर वाफा त्याच दिवशी परत करा, कारण ओल्या मातीचा दाब आल्यावर नेमकी तिथूनच चीर सुरू होते. काही वर्षांनी दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या कापडाचा पापुद्रा सुटून त्याची भुकटी मातीत पडायला लागते. ती दिसली की वाफा बदलायची वेळ झाली असं समजा. ठिगळ लावून चालवू नका, प्लास्टिकचे कण भाजीच्या मातीत नकोत.

सांगाडा हा या संचाचा खरा कच्चा दुवा. वरच्या काठातून नळी जाते, चार कोपऱ्यांना उभ्या नळ्या येतात, पण ६ फुटांच्या लांब बाजूला मध्ये आधारच नसतो. कोरडं मिश्रण भरताना वाफा सरळ दिसतो. दोन जोरदार सरी झाल्या की मधली भिंत गरोदर पोटासारखी बाहेर येते, वरची नळी वाकते आणि कोपऱ्याचा जोड निसटतो. यावरचा उपाय स्वस्त आहे, पण तो भरण्याआधीच करावा लागतो. लांब बाजूंना दर २ फुटांवर, तळापासून ६ इंच उंचीवर, समोरासमोर दोन-दोन आयलेट (भोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) ठोकून घ्या. चपलावाला किंवा बॅगा शिवणारा पाच मिनिटांत ठोकून देतो. त्यांतून नायलॉनची दोरी आरपार ओवून दोन्ही बाजू एकमेकींना बांधा. दोरी मातीत गाडली जाते आणि लागवडीच्या आड येत नाही. काही संचांत मध्ये कापडी पडदे शिवून वाफ्याचे दोन-तीन कप्पे केलेले असतात. थोडे जास्त पैसे पडले तरी तोच घ्यावा. पडदा आडव्या बांधणीचं काम करतो आणि एका कप्प्यात रोग शिरला तर दुसरा वाचतो.

निचऱ्याची भोकं बहुतेक वेळा बाजूच्या भिंतीत, तळापासून इंचभर वर असतात. त्या खालच्या इंचात पाणी साचून राहतं, आणि गच्चीच्या उतारामुळे एका टोकाला दोन-अडीच इंच. ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सलग आठ-दहा दिवस माती वाफशावर येतच नाही, म्हणजे जादा पाणी उतरून मुळांना हवा मिळेल इतकी सुकत नाही. अशा वाफ्यात मिरचीची मुळं काळी पडून सडतात आणि टोमॅटो सकाळी ताजा, दुपारी माना टाकलेला दिसतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ते आणखी घालतात. तळालाच दर फुटावर अर्ध्या इंचाचं भोक पाडा, तापवलेल्या लोखंडी सळईनं, म्हणजे कडा वितळून बंद होतात आणि विण उसवत नाही. वाफ्याखाली प्लास्टिकची दोन पॅलेट जोडून ठेवली तर पाणी मोकळं वाहतं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोरडं राहतं आणि खाली झाडू फिरतो. नुसत्या विटांवर ठेवू नका. विटांमधलं कापड खाली लोंबतं आणि तिथे पुन्हा डबकं होतं.

तळाला खडीचा थर द्यायचा सल्ला सगळीकडे मिळतो, कित्येक पुस्तिकांतही छापलेला असतो. तो चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे चिखलाचा थर खडीच्या उंचीइतका वर सरकतो, मुळांना मिळणारी खोली घटते आणि वजन वाढतं. भोकांवर नारळाच्या शेंडीचा एकेक पुंजका ठेवला की माती वाहून जात नाही, तेवढं पुरतं.

भरणीवर हात आखडू नका. पिशवीपेक्षा भरणीला जास्त पैसे लागतात आणि पीक तिच्यावरच येतं. १५ लिटरचं घमेलं धरलं तर एका वाफ्याला २८ घमेली लागतात: लाल माती ४, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १०, भिजवून धुतलेलं कोकोपीट १०, भाताचा तूस ४. त्यात निंबोळी पेंड दीड किलो, बोनमील (हाडांचा चुरा) अर्धा किलो आणि जिप्सम पाव किलो. सगळं फरशीवर पसरून फावड्यानं तीनदा वरखाली करा, हलकं पाणी शिंपडा आणि भरल्यावर दोन आठवडे तसंच मुरू द्या. निंबोळी पेंड कुजायला लागते तेव्हा मिश्रण तापतं. त्या दिवसांत लावलेलं बी उगवून जळतं. भरणी सुरुवातीला ९ इंचांपेक्षा थोडी वर दिसेल. दोन महिन्यांत ती खाली बसते, ते धरूनच हे माप दिलं आहे.

कोकोपीटची ५ किलोची वीट २५ लिटर पाण्यात फुगवली की ६५ ते ७० लिटर होते, म्हणजे दोन विटांत जवळपास भागतं. ती धुण्याचा कंटाळा करू नका. नारळाच्या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते कॅल्शियमला मुळांपर्यंत पोचू देत नाहीत. टोमॅटोच्या फळाचा बूड काळा पडून आत बसतो तो फळाला कॅल्शियम कमी पडल्याचा परिणाम, रोग नव्हे. मोरबे धरणाचं किंवा भातसेचं नळाचं पाणी बोअरवेलच्या पाण्याइतकं क्षारयुक्त नसतं, त्यामुळे पाण्यातूनही फारसं कॅल्शियम मिळत नाही. म्हणून कॅल्शियम असलेलं जिप्सम घालायचं. कोकोपीट गोणपाटात घालून दोनदा धुवायचं. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं, फिक्कं निघालं की थांबायचं.

गांडूळखताच्या पिशवीवर 'सेंद्रिय' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात नत्र किमान १ टक्का आणि ओलावा १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असायला हवा, आणि हे आकडे पिशवीवर छापलेले असायला हवेत. मूठ दाबून बघा. बोटांतून पाणी गळलं तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय. अमोनियाचा वास आला, काडीकचरा ओळखू आला तर खत कच्चं आहे. कच्च्या शेणखतातून हुमणी येते. पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली अळी ९ इंचांच्या वाफ्यात महिनाभरात रोपं मुळासकट मोकळी करते. शेणखत चाळूनच घ्या. लाकडाचा भुसा 'फुकट मिळाला' म्हणून घालू नका. तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि पानं पिवळी पडतात. तुसात सिलिका जास्त असते, तो सावकाश कुजतो, त्यामुळे चालतो.

ठिबकबद्दल थोडक्यात. संचातल्या तोट्या ताशी ४ लिटरच्या असतात. पूर्ण दाबावर १२ तोट्यांतून पंधरा मिनिटांत १२ लिटर पडतं, आणि मे महिन्यात एका वाफ्याला दिवसाला १० ते १२ लिटर लागतंच. पण हे माप एक बार दाबाचं, म्हणजे १० मीटर उंचीवरच्या पाण्याचं. गच्चीवरची टाकी वाफ्यापेक्षा दीड-दोन मीटर उंच असते, तेवढ्या दाबावर पहिल्या चार तोट्या गळतात आणि शेवटच्या चार कोरड्या राहतात. झारी वापरा. हिवाळ्यात ५-६ लिटर पुरतं, पावसाळ्यात बोट दोन पेरं आत घालून बघितल्याशिवाय थेंबही नको.

आता ते पुस्तिकेतलं पान. सेंद्रिय गादीवाफा, 'जिवंत माती', सोबतीची पिकं ही माहिती इंटरनेटवर शोधायला गेलं की भाज्यांच्या मधोमध भांगेचं झाड लावलेले परदेशी वाफे दिसतात, आणि लागवडीचे बरेच आराखडे तिथूनच उचललेले असतात. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी ४ आणि जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला ३ झाडं घरी लावायला कायद्यानं मुभा आहे, म्हणून तिथे ते चालतं. आपल्याकडे अमली औषधीद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ लागू आहे. त्याच्या कलम ८ नुसार भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड निषिद्ध आहे आणि कलम २० नुसार तिला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'एकच कुंडी आहे', 'औषधासाठी आहे' यानं गुन्हा टळत नाही. खाण्यासाठी मिळणारं हेंपचं बी २०२१ पासून अन्न म्हणून मान्य आहे. ते खायचं, पेरायचं नाही.

पण त्या वाफ्यांमागची शेतीची समज चांगली आहे, आणि ती आपल्या दोन पिकांना नेमकी लागू पडते. एक अंबाडी. हिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, कारण पान भांगेसारखं दिसतं. इंग्रजांनी तिला 'डेक्कन हेंप' म्हटलं. दुसरं ताग, म्हणजे बोरू, 'सन हेंप'. (गोणपाटाचा ज्यूट वेगळा.) दोन्हींचा भांगेशी नात्यानं काही संबंध नाही. अंबाडी भेंडीच्या कुळातली, ताग तुरीच्या. गोंधळ मात्र होतो. सोसायटीत कुणी गच्चीवरचं झाड बघून शंका काढली तर ओळख पटवणं सोपं आहे. भांगेच्या पानाची बोटं देठापर्यंत पूर्ण सुटी असतात आणि त्यांच्या कडा करवतीसारख्या असतात. अंबाडीचं पान एकच, खोल चिरलेलं, बुडाशी जोडलेलं. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे असतात, फूल फिकट पिवळं आणि आत गर्द लाल डोळा असलेलं. आणि पान चावलं की आंबट लागतं.

अंबाडी दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस मोठे असेतो पाला वाढवते, लहान झाले की फुलावर येते. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरली तर ऑक्टोबरपर्यंत भाजी मिळते. सप्टेंबरात पेरली तर वीतभर वाढून कळ्या धरते आणि लोक बियाण्याला दोष देतात. भाजीसाठी दोन रोपांत ४ इंच, दोन ओळींत ८ इंच अंतर ठेवा. ३५ ते ४० दिवसांत रोप दीड फूट होतं. जमिनीपासून ५ इंच ठेवून वरचा शेंडा कापा. बाजूनं फुटवे येतात आणि दोन-तीन खुडे मिळतात. तांदळाच्या कण्या आणि भरपूर लसणाची फोडणी घातलेल्या भाजीला दुसऱ्या खुड्याचा पाला सगळ्यात चांगला, तेव्हा आंबटपणा आणि कोवळेपणा दोन्ही जुळून येतं. सरबत आणि चटणीच्या लाल बोंडांसाठी मात्र लाल अंबाडी, हिबिस्कस सबडारिफा, घ्यावी लागते. तिला एकेका झाडाला दीड-दोन फूट जागा द्या आणि नोव्हेंबरपर्यंत थांबा. उंच इमारतीवर जुलैचा नैर्ऋत्येचा वारा ५ फुटांच्या अंबाडीला आडवी पाडतो. ९ इंच मातीत तिचं सोटमूळ घट्ट बसत नाही. शेंडा वेळेवर खुडणं हाच आधार.

पुस्तिकेत अंबाडी किंवा भेंडीच्या शेजारी वांगी, टोमॅटो दाखवलेले असतात, दिसायला भरगच्च. ते पान फाडायचं कारण हे. अंबाडी मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचं, म्हणजे मातीतल्या डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक कृमीचं, आवडतं घर आहे. भेंडी, वांगी, टोमॅटो, काकडी, चवळी हीसुद्धा. एकाच वाफ्यात ही सगळी लावली की सूत्रकृमीला बारा महिने पंगत मिळते आणि दुसऱ्या वर्षी टोमॅटो गुडघ्याएवढाच राहतो. पीक काढताना एक रोप हळूच उपटून मुळं धुऊन बघायची सवय लावा. मुळाचाच भाग फुगून गाठ झाली असेल, नखानं सुटत नसेल, तर सूत्रकृमी. ताग किंवा चवळीच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी वेगळ्या: बाजूला चिकटलेल्या, बोटानं सहज निघतात आणि आत गुलाबी असतात. त्या हव्यातच.

म्हणून दोन वाफे घ्या आणि फेरपालट करा. हा संच एकटा घेण्यात अर्धाच फायदा आहे. पहिल्या वर्षी एका वाफ्यात जूनपासून अंबाडी, आणि तिच्याबरोबर काठाला फक्त कांद्याची पात. दुसऱ्यात पहिल्या पावसाला तागाचं बी, एका वाफ्याला १० ते १५ ग्रॅम, हातानं फेकून अर्धा इंच मातीआड. तागाच्या मुळांत सूत्रकृमी वाढत नाही आणि हवेतला नत्र मातीत येतो. ४५ दिवसांनी, पहिल्या कळ्या दिसल्या की, विळ्यानं बुडाशी कापून बोटभर तुकडे करा आणि तिथेच पसरा. त्यापुढे उशीर केला तर खोड काष्ठ होतं आणि कुजायला दुप्पट वेळ लागतो. मुळं उपटायची नाहीत, ती मातीतच कुजू द्या. पंधरा दिवसांनी या वाफ्यात दाट झेंडू लावता येतो, नाहीतर सरळ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटोची रोपं, वाफ्याला ६, त्यांच्यामध्ये कोथिंबीर आणि मुळा. झेंडूबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा: कोपऱ्यात दोन झाडं लावून सूत्रकृमी जात नाही. संपूर्ण वाफाभर दोन-अडीच महिने झेंडू राहिला, तोही लहान फुलांचा फ्रेंच झेंडू, तरच गुण येतो. अंबाडीच्या वाफ्यात ऑक्टोबरनंतर मेथी, पालक, लसूण घ्या आणि पुढच्या जूनला तिथे ताग.

गाठी आधीच झाल्या असतील तर एप्रिल-मे हे इथलं औषध आहे. वाफा रिकामा करा, भरपूर भिजवा, पारदर्शक प्लास्टिकनं घट्ट झाका, कडा विटांनी दाबा आणि ४ ते ६ आठवडे उन्हात सोडा. काळं प्लास्टिक नको. त्यानं खालची माती तेवढी तापत नाही. जमिनीपेक्षा या हिरव्या वाफ्यात हे जास्त चांगलं साधतं, कारण भिंतीही तापतात. तोच गुण मे महिन्यात उभ्या पिकाला मारक असतो: पश्चिमेच्या भिंतीलगतची चार बोटं माती इतकी तापते की तिथलं मूळ मरतं. ५० टक्क्यांची शेडनेट आणि वर भाताच्या पेंढ्याचं दोन-तीन इंच आच्छादन याला पर्याय नाही. मुरबाड-शहापूरकडे भात झोडणीनंतर पेंढा मिळतो, तेव्हाच दोन भारे आणून ठेवा.

पावसाळ्यात पेंढा मात्र रोपाच्या बुडापासून दूर सारायचा, नाहीतर त्याखाली गोगलगायींची वस्ती होते. मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत अंबाडीची कोवळी ओळ साफ करते आणि पॅलेटच्या खाली दिवस काढते. रात्री टॉर्च घेऊन हातमोज्यानं वेचणं हाच खात्रीचा मार्ग. मीठ टाकू नका, वाफ्याची माती खारी होते. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या सेंद्रिय बागेत बसत नाहीत आणि सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांचा जीव घेतात. पिठ्या ढेकूण अंबाडी आणि भेंडी दोन्हींवर येतो. पांढरे पुंजके दिसले की आधी मुंग्यांची वाट शोधा, त्याच त्याला नेऊन बसवतात. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि मिसळायला मऊ साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानाच्या मागून, पाच दिवसांनी पुन्हा. दुपारी फवारलं तर पानं करपतात.

जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत) करायचं तर १० लिटर पाण्याला अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन १००-१०० ग्रॅम, मूठभर चांगली माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळून. दसपट पाणी घालून द्यायचं आणि सात दिवसांत संपवायचं. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगा.

दर हंगामानंतर वाफा दीड-दोन इंच खाली बसतो. वरून दोन घमेली गांडूळखत आणि पाव किलो निंबोळी पेंड घालून भर द्यायची, माती खणायची नाही. तागाची मुळं कुजून झालेल्या वाटांतूनच पुढच्या पावसाचं पाणी खाली उतरतं. आणि अंबाडीची शेवटची खोडं फेकू नका. पानं काढून बादलीभर पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा, झाकण लावून, डास होऊ नयेत म्हणून. दहा-पंधरा दिवसांत साल सुटते. ती धुऊन दोरीवर वाळवली की शेजारच्या वाफ्यातले टोमॅटो काठीला बांधायला हंगामभर पुरेल एवढा वाख (सालीचा धागा) निघतो, आणि त्या वाखानं बांधलेल्या खोडाला नायलॉनसारखा काच पडत नाही.